कोरडी पेटी

पुण्याच्या नदीत बोट चालते हे निम्म्या पुण्याला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते पटत नाही. पटण्यासारखे त्यात फारसे काही नाहीही. येरवड्याच्या पुलावर उभे राहून खाली पाहिले, तर नदीच्या जागी एक हिरवेगार मैदान दिसते. त्यावर बगळे निवांत चालत असतात, आणि एखादे कुत्रे फसून त्यावर उडी टाकते तेव्हाच खाली पाणी असल्याचे उघड होते. ते मैदान म्हणजे जलपर्णी. तिच्याखालच्या पाण्यात शहराने दिवसभर जे जे सोडले ते सर्व असते. ही जलपर्णी उपसण्याचा ठेका आप्पासाहेबांकडे होता, आणि त्यांच्या मोठ्या बोटीवर मुक्ताई कामाला होती.

बोट हा शब्दही येथे जरा औदार्यानेच वापरावा लागतो. लोखंडी पिंपांच्या दोन रांगांवर फळ्या ठोकून केलेले ते एक सपाट तरंगते अंगण होते. मागच्या बाजूला डिझेलचे इंजिन होते आणि इंजिनापाशी मुक्ताईचा नवरा उत्तरेश्वर. पुढच्या कडेला लांब बांबूच्या आकड्या घेऊन तिघी उभ्या राहत: मुक्ताई, तिच्याहून थोरली प्रेमला, आणि नुकतीच लग्न होऊन बीडकडून आलेली तनुजा. त्या जलपर्णी ओढत, चार गडी ती जाळ्यात बांधत, आणि बांधलेली जाळी एक छोटी होडी काठावरच्या क्रेनपर्यंत ओढून नेई. मोठी बोट मात्र सकाळी जी पात्रात शिरे, ती संध्याकाळीच परते. मध्येच काठाला यायचे म्हणजे डिझेल जाळायचे आणि जलपर्णीतून पुन्हा वाट काढायची. आप्पासाहेबांना या दोन्ही गोष्टींचा तिटकारा होता.

गड्यांना लागली की ते बोटीच्या मागच्या कडेला पाठमोरे उभे राहत. बायकांनी काय करायचे, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, म्हणून त्याचे उत्तरही कोणी दिले नव्हते. बायकांनी ते आपापल्या परीने काढले: त्या पाणी पीत नसत. पहाटे चहाचा अर्धा कप, आणि मग संध्याकाळपर्यंत ओठ कोरडे. उन्हात, पाण्याच्या मधोमध, तहानेने जीभ टाळूला चिकटलेल्या या तीन बायका पुलावरून जाणाऱ्या शेकडो लोकांना रोज दिसत होत्या. लोक त्यांचे फोटोही काढत.

मुक्ताईला हेमाताईंच्या दवाखान्यात आणावे लागले ते ताप उतरेना म्हणून. दवाखाना विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्याच्या आतल्या बाजूला. हेमाताईंनी तपासले, सोनोग्राफीचा कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"पाणी किती पिता?"

"पिते की. संध्याकाळी घरी गेल्यावर तांब्याभर."

"आणि दिवसा?"

"दिवसा पिऊन जायचं कुठं, मॅडम? नदीत?"

हेमाताई सहसा औषधापेक्षा कमी शब्द वापरीत. त्यांनी सांगितले की डावे मूत्रपिंड सुजले आहे, असे दुसऱ्यांदा झाले आहे, आणि तिसऱ्यांदा झाले तर ते राहील की जाईल हे त्या सांगू शकत नाहीत. "एकतर पाणी प्या, नाहीतर काम सोडा."

"काम सोडून खाऊ काय?"

"मग पाणी प्या."

बाहेरच्या खोलीत दीनानाथ हे ऐकत होते. ते हेमाताईंचे यजमान. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. रुग्णांचे नंबर लावण्याचे काम त्यांनी स्वखुशीने पत्करले होते. हेमाताईंच्या मते ते काम नव्हते. वर्ग सुटल्यावर वाद घालायला त्यांनी शोधलेली ती नवी जागा होती. त्या दिवशी मात्र दीनानाथांनी कोणाशीही वाद घातला नाही. ते घरी गेले आणि जेवणाच्या टेबलावर पुट्ठा, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसले.

परदेशात काही माणसे बोटीवरच राहतात, आणि जिथे घाण पाण्यात सोडता येत नाही तिथे ती खताचा संडास वापरतात, हे त्यांनी कधीतरी वाचले होते. त्यामागचे तत्त्व साधे होते. मैला आणि मूत्र एकत्र आले की कुजते आणि घाण सुटते. दोन्ही वेगळे ठेवले, मैल्यावर प्रत्येक वेळी मूठभर कोरडा भुसा टाकला, आणि आत वारा खेळता ठेवला, तर वास येत नाही आणि काही महिन्यांनी माती होते. पाणी लागत नाही. किंबहुना पाणी हाच त्याचा शत्रू.

त्यांनी वखारीतून सागाचा भुसा आणला, नर्सरीतून नारळाच्या काथ्याचा चुरा आणला, प्लायवुडची पेटी केली. पुढच्या भागात नरसाळे आणि त्याखाली डबा. मागच्या भागात झाकणाची बादली. भोवती बांबूचा सांगाडा, ताडपत्री, आतून कडी. मग ते आप्पासाहेबांकडे गेले.

आप्पासाहेबांना दुष्ट ठरवून ही गोष्ट सोपी करता येईल. पण ते दुष्ट नव्हते. त्यांनी प्रोफेसरांना चहा दिला, सगळे ऐकून घेतले, आणि मग म्हणाले, "म्हणजे टोपलीचा संडास."

"मुळीच नाही. टोपलीच्या संडासात—"

"सर, माझं लहानपण नाना पेठेत गेलं. टोपली डोक्यावरून नेणारी माणसं मी पाहिलेली आहेत. ते बंद व्हायला केवढा काळ गेला! उद्या पुलावरून कुणी मोबाईल धरला, ठेकेदार मजुरांना मैला वाहायला लावतो म्हणून, तर आत कोण जाणार? तुम्ही?"

हा मुद्दा बिनतोड होता, आणि दीनानाथांना बिनतोड मुद्दे मनापासून आवडत. फक्त ते दुसऱ्याने मांडलेले नसावेत. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पेटी मी नेईन. मी स्वतः. मजूर हात लावणार नाहीत."

आप्पासाहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "दसऱ्यापर्यंत ठेवा. दसऱ्यानंतर मी येऊन बघतो. वास नसला आणि नदीत थेंब गेला नसला, तर राहू दे. दुसऱ्या बोटीवरही बसवू. नाहीतर उचला."

बोटीवर मात्र वेगळाच वाद उभा राहिला. पाणी वापरायचे नाही, असे दीनानाथांनी सांगताच प्रेमला कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मग धुवायचं कशानं, सर?"

"कागद आहे. मऊ असतो."

"कागदानं?" प्रेमलाने मुक्ताईकडे पाहिले. "आगं, सर आपल्याला साहेब करायला निघालेत!"

तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. दीनानाथांनी कोरडेपणाची शास्त्रीय बाजू सांगितली, जिवाणूंचे दोन प्रकार सांगितले, ओलाव्याचे प्रमाण सांगितले. प्रेमलाने ते सर्व शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "ते खरं आसंल. पर मी कागद लावायची न्हाई." आयुष्यात दीनानाथ जे थोडे वाद हरले त्यांपैकी हा एक. त्यांनी पेटीच्या बाजूला एक स्वतंत्र चौरंग केला. धुण्याचे पाणी तेथून पुढच्या डब्यात जाईल आणि बादली कोरडी राहील, अशी सोय केली. "बादलीत मात्र एक थेंब नको," असे त्यांनी तिघींना बजावले. तिघींनी मान डोलावली.

पुढचे दिवस मुक्ताईच्या आयुष्यात नवे होते. ती घरून पाण्याची बाटली आणू लागली. पहिल्या दिवशी अर्धी बाटली प्यायली आणि भीतीने थांबली. मग ताडपत्रीच्या आत जाऊन आली आणि उरलेली अर्धी एका दमात संपवली. "आगं बाई," ती तनुजाला म्हणाली, "पानी गोड लागतं गं." दवाखान्यात हेमाताईंनी तपासले तेव्हा सूज उतरू लागली होती. दीनानाथ रोज संध्याकाळी स्कूटरवरून येऊन पुढचा डबा रस्त्यापलीकडच्या सार्वजनिक संडासात ओतीत; आठवड्याला भरलेली बादली झाकणासह पोत्यात गुंडाळून घरी नेत आणि गच्चीवरच्या पिंपात रिकामी करीत. सोसायटीच्या चिटणिसांनी विचारले तेव्हा त्यांनी खत असे उत्तर दिले. ते खरेही होते, फक्त थोडे आगाऊ होते. गड्यांनी आधी चेष्टा केली. मग त्यांतला एक दुपारी हळूच आत जाऊन आला आणि कडी नीट लागत नसल्याची तक्रार करू लागला.

उत्तरेश्वर तेवढा पेटीकडे बघतही नसे. तो भिणारा माणूस होता. गावाकडे असताना पावसाला भ्याला, पुण्यात आल्यावर ठेकेदाराला भ्याला. "मुक्ते, हे टिकायचं न्हाई," तो म्हणे. "सायेब बघतील आन् उचलून टाकतील. मग जास्तच वंगाळ वाटंल."

मग खंडेनवमी आली.

आप्पासाहेबांच्या ठेक्यावर अवजारांची पूजा दणक्यात होई. आदल्या दिवशी त्यांचा निरोप आला: सगळे धुऊन पुसून ठेवा, एकही वस्तू पारोशी राहता कामा नये. बोट काठाला लागली. गड्यांनी इंजिन पुसले, फळ्या धुतल्या, आकड्यांना तेल लावले. मुक्ताईने ताडपत्री बाजूला केली आणि पेटीपुढे उभी राहिली.

त्या क्षणी तिच्या मनात काय चालले होते हे समजून घेतल्याशिवाय तिला दोष देणे अन्यायाचे होईल. आकडी हे अवजार, म्हणून ती धुवायची; इंजिन हे अवजार, म्हणून ते पुसायचे. आणि ज्या एका वस्तूने तिला दिवसा पाणी पिऊ दिले, ती पारोशी ठेवायची? सणाच्या दिवशी घरातला कोपरान् कोपरा धुऊन काढणाऱ्या बाईला कोरडे म्हणजे स्वच्छ हे पटणे शक्यच नव्हते. थेंब नको असे सरांनी सांगितले होते. पण ते रोजच्या वापराचे. पूजेच्या आंघोळीचे कोणी कशाला सांगेल? तिने पेटीवर आणि झाकण उघडून आत मिळून चार बादल्या पाणी ओतले. फिनेल ओतले. प्रेमलाने घरून आणलेली फरशी धुवायची ॲसिडची बाटली निम्मी रिकामी केली. खराट्याने बाहेरची पेटी घासली, हळदकुंकू लावले, आणि झाकणाच्या मुठीला झेंडूचा हार घातला. मग तिघींनी पेटीला हात जोडले. पूजेला आलेल्या आप्पासाहेबांनी इंजिनाला नारळ फोडला. ताडपत्रीच्या आत ते गेले नाहीत.

सण संपेपर्यंत बोट काठाला उन्हात तापत बांधलेली राहिली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेश्वरने ती नेहमीसारखी पात्रात नेली, आणि थोड्याच वेळात तनुजा ताडपत्रीतून नाकाला पदर लावून धावत बाहेर आली.

मुक्ताई आत गेली. तिने झाकण उचलताच मुठीवरचा हार सुटून आत पडला. बादली काठोकाठ भरली होती. भुसा फुगून वर आला होता, त्याखाली काळपट पाणी हलत होते, आणि त्याला वास असा होता की मुक्ताईला बाहेरची नदी स्वच्छ वाटली. तिने झाकण दाबून पाहिले. ते बसेना. तिने दीनानाथांना फोन लावला. बोलताना तिला पुढचे आठवले: आप्पासाहेब आजच बघायला येणार होते.

दीनानाथ छोट्या होडीतून आले. साठी उलटलेल्या माणसाने तशा होडीत उभे राहू नये, असे होडीवाला सांगत होता. ते उभेच होते. आत जाऊन त्यांनी झाकण उचलले, पाहिले, आणि क्षणभर डोळे मिटले.

"पाणी कुणी घातलं?"

"म्या."

"आणि फिनेल?"

"फिनेल बी. आन् आशीड." मुक्ताई खाली बघत म्हणाली. "सर, सणाला धुतलं. सगळं धुतलं, तसं हे बी धुतलं."

"एक थेंब नको, असं मी सांगितलं होतं."

"आवो सर, पूजेला पारोशी ठेवू का?"

दीनानाथांच्या जिभेवर उत्तर तयार होते. खत करणारे जिवाणू मेले आहेत, आता हे खत नव्हे, ही नुसती गटाराची बादली आहे, असे ते उत्तर होते. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी ते गिळले. त्यांनी पोत्यातला सगळा भुसा आत ओतला. भुसा तरंगला. काथ्याचा चुरा ओतला. तोही तरंगला. पाण्याने जेवढे बिघडवले होते तेवढे शोषून घ्यायला पोतीच्या पोती लागली असती, आणि तेवढे करूनही वास आज जाणार नव्हता.

"ओतून टाकू," प्रेमला म्हणाली.

बोटीच्या कडेला, जलपर्णी कापलेल्या जागी, काळे पाणी दिसत होते.

"ओतून टाकू, धुऊन काढू आन् नवा भुसा घालू," मुक्ताई म्हणाली. ती आता झपाट्याने बोलत होती. "सायेब यायला येळ हाय. कोन बघतंय?"

"नाही," दीनानाथ म्हणाले.

"सर—"

"मुक्ताई, नदीत थेंब जाणार नाही, या एका अटीवर ही पेटी बोटीवर आहे."

"नदीत?" मुक्ताईने पुलाकडे हात केला. पुलाखाली एका मोठ्या नळातून राखाडी पाणी धो धो पडत होते. ते रात्रंदिवस पडे. "त्यो नळ बघा. आक्खं पुनं ओततंय त्यात. तुमच्या घरचं, माझ्या घरचं, सायेबांच्या घरचं. आन् माझीच एक बादली जड झाली का नदीला?"

"सगळे ओततात म्हणून आपण ओतायचं, तर ही पेटी केली कशाला?"

"माझ्यासाठी केली न्हवं? मग माझं ऐका."

दीनानाथांनी वर्गात, दवाखान्यात आणि सोसायटीच्या बैठकांत असंख्य वाद घातले होते. पण ज्याच्यासाठी आपण वाद घालतो तोच समोर उभा राहून आपल्याला थांब म्हणेल, ही वेळ त्यांच्यावर आली नव्हती. ते बादलीची कडी धरून उभे राहिले. मुक्ताईनेही दुसऱ्या बाजूने कडी धरली. ती ओढत नव्हती आणि सोडतही नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते पुसायला तिचा एक हातही मोकळा नव्हता.

"मुक्ते, सोड," मागून उत्तरेश्वर म्हणाला. "सायेब आले."

छोटी होडी बोटीला टेकली. आप्पासाहेब पांढऱ्या कपड्यांत, सावकाश, गड्याचा हात धरून वर चढले. दोन पावले पुढे आले आणि थांबले.

"वास कसला, सर?"

"नदीचा," दीनानाथ म्हणाले.

आपण काय बोललो हे सर्वांत उशिरा कळले ते त्यांनाच. आप्पासाहेब हसले, त्या हसण्यात राग नव्हता. "नदीचा वास मला शिकवू नका. वीस वर्षं तोच खातोय." त्यांनी ताडपत्री सारली. झाकण नीट बसलेलेच नव्हते. बोटाने उचलताच वर आले. आत, काळ्या पाण्यावर, फुगलेल्या भुशात, झेंडूचा हार तरंगत होता. त्याची फुले अजून पिवळी होती.

आप्पासाहेब बराच वेळ त्याकडे बघत राहिले.

"हार कुणी घातला?"

"म्या," मुक्ताई म्हणाली. "खंडेनवमीला. तुमीच सांगितलं व्हतं सायेब, पारोसं कायबी ठेवू नका. म्हनून धुतलं."

"हे नव्हतं धरलं मी त्यात."

"आमी धरलं."

आप्पासाहेबांनी झाकण खाली ठेवले. बोलले ते हळू आवाजात, आणि म्हणून अधिक पक्के वाटले. "सर, तुमचा हेतू चांगला होता. पण हे चालायचं नाही. आज पेटी उतरवा."

"आठ दिवस द्या. चूक समजावून सांगण्यात झाली, पेटीत नाही. मी ती रिकामी करतो, धुऊन—"

"परत धुऊन?"



"आन् आमी?" मुक्ताईने विचारले.

"तुम्हाला कोण काढतंय? बायका उपसतात तशी जलपर्णी गडी उपसत नाहीत, हे मला कळतं. राहा. पूर्वी राहत होता तशा राहा."

"पूर्वी मी पानी पीत न्हवते, सायेब. माझी किडनी जायला आलीय."

आप्पासाहेबांना हे माहीत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरून ते दिसले. "औषधपाणी कर," ते म्हणाले, आणि होडीत उतरले.

बादली दीनानाथांनीच नेली. संध्याकाळी मुक्ताई दवाखान्यात आली तेव्हा बाहेरच्या खोलीत ते खुर्चीवर बसलेले होते. कपड्यांना अजून वास येत होता, म्हणून त्यांनी खिडकी उघडी ठेवली होती. हेमाताई दारात उभ्या होत्या.

"पाणी घालू नका असं तुम्ही सांगितलंत. का घालू नये, ते सांगितलंत?"

"सांगितलं होतं. ओलाव्याचं प्रमाण वाढलं की जिवाणूंची—"

"मराठीत?"

दीनानाथ खिडकीकडे बघत म्हणाले, "आज मी खोटं बोललो."

"उपयोग झाला?"

"नाही."

"मग ते राहू द्या. आत या, मुक्ताई."

उतरू लागलेली सूज पुरती गेली नव्हती; मुक्ताईला कालपासून पुन्हा कणकण होती. हेमाताईंनी पोटाला डावीकडे हात लावताच ती कळवळली. हेमाताई हात धुवायला गेल्या, आणि हात धुऊन झाल्यावरही नळापाशी उभ्या राहिल्या.

"गोळ्या लिहून देते. पण गोळी पाण्याबरोबर घ्यायची असते, मुक्ताई. आणि नंतरही दिवसभर पाणी प्यायचं असतं. तिसऱ्यांदा मी काही करू शकणार नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगितलंय. आता दुसऱ्या शब्दांत कसं सांगू?"

"कळलं," मुक्ताई म्हणाली. बाहेर पडताना ती दीनानाथांच्या खुर्चीपाशी थांबली. ते उठून उभे राहिले. "सर," तीच म्हणाली, "पेटी चांगली व्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट नेहमीसारखी पात्रात गेली. पेटीच्या जागी बांबूचा रिकामा सांगाडा उभा होता; ताडपत्री कोणीतरी जाळ्यांवर पांघरायला घेतली होती. काठावर क्रेनपाशी आप्पासाहेब खुर्ची टाकून बसले होते. काल पेटी हलली म्हणून आज काम कसे चालते ते त्यांना बघायचे होते.

मुक्ताईने आकडी फळीवर ठेवली. पिशवीतून बाटली काढली. तापाने तिचे डोळे लाल झाले होते. बूच उघडले, गोळी तोंडात टाकली, आणि ती पाणी पिऊ लागली. घोटामागून घोट, हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत. अर्ध्यावर ती थांबली नाही.

"येडे!" प्रेमला ओरडली. "आगं, आता आत जायला काय हाय?"

मुक्ताईने रिकामी बाटली खाली ठेवली आणि मागे वळली. "आवो, ऐका. आज म्या पानी पिनार हाय. लागली की बोट काठाला घ्यायची. काठावरनं रस्ता वलांडून संडासात जाऊन येईन, मग परत येऊ. परत लागली की परत."

उत्तरेश्वरने काठाकडे पाहिले. "सायेब जीव घेतील. दिवसभर बोट येरझाऱ्याच घालंल. काम काय व्हईल?"

"न्हाई व्हायचं."

"आपल्या दोघांचं बी जाईल, मुक्ते."

"सायेबांनी घेतलेला जीव चार लोकांना दिसंल तरी. ह्यो आतल्या आत जातोय, त्यो कुनाला दिसतोय?"

उत्तरेश्वर इंजिनावर वाकला, आणि तेथे बघण्यासारखे काहीही नसताना बघत राहिला. प्रेमला थोडा वेळ दोघांकडे पाहत होती. मग ती शिव्या पुटपुटत आपल्या पिशवीपाशी गेली; तिच्याकडेही बाटली होती, गेल्या काही दिवसांच्या सवयीने आणलेली आणि जुन्या सवयीने न उघडलेली. ती अर्धी प्यायली, तोंड पुसले, आणि उरलेली तनुजाच्या हातात दिली. तनुजाने गड्यांकडे पाठ केली आणि प्यायली.

मग तिघींनी आकड्या उचलल्या. त्यांनी नेहमीपेक्षा कमी काम केले, असे कोणी म्हणू शकले नसते. जलपर्णीचे गठ्ठे मुळांसकट निघत होते, जाळी भरत होती, छोटी होडी ये-जा करीत होती. ऊन चढले. नळाचे राखाडी पाणी पडतच होते. मुक्ताईची डावी कूस ठणकत होती. ती दर थोड्या वेळाने आकडीवर भार देऊन उभी राही आणि दात आवळून पुन्हा वाके.

आणि मग ती थांबली. आकडी तिने फळीवर आडवी ठेवली. तिचे पाहून प्रेमला आणि तनुजाही थांबल्या.

"वळवा," ती म्हणाली.

उत्तरेश्वरने मान वर केली. काठावर आप्पासाहेब खुर्चीतून उठले होते. तिघी एकदम का थांबल्या, हे त्यांना तेथून कळत नव्हते. जाळी बांधणारे गडीही थांबले. बोट जागच्या जागी हळूहळू डुलत होती.

"आवो, वळवा."

त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. काठावर आप्पासाहेबांनी फोन कानाला लावला होता. उत्तरेश्वरचा हात खिशाकडे गेला, तसाच थांबला, आणि परत इंजिनाच्या दांड्यावर आला. त्याचे ओठ कोरडे होते. बायकोच्या लक्षात आले की हा माणूसही सकाळपासून पाणी प्यायलेला नाही. फोन वाजत राहिला. उत्तरेश्वरने दोन्ही हातांनी दांडा दाबला, इंजिन घुसमटले, धूर सोडून पुन्हा धडधडू लागले, आणि बोटीचे तोंड, जलपर्णीची हिरवी साय फाडत, काठाकडे वळले.